आलेखामागची ओळ

वर्तमानपत्राच्या पानांवर आठवड्यातून दोन-चार तरी आलेख छापून येतात. पावसाची सरासरी, सोन्याचा भाव, शेअर बाजाराचा निर्देशांक, परीक्षांचे निकाल. रेषा वर जाताना दिसली की वाचक तेजी समजतो, खाली उतरली की घसरण. परंतु उभा अक्ष शून्यापासून सुरू केला होता की मधल्याच एखाद्या आकड्यापासून, किती बिंदूंवरून ती रेषा ओढली, जेथे नोंदच नव्हती तेथे काय केले, हे आलेखाकडे पाहून बहुधा कळत नाही. स्प्रेडशीटमध्ये माऊसने चार ठिकाणी टिचक्या मारून काढलेला आलेख असेल, तर महिन्याभराने ते काढणाऱ्यालाही सांगता येत नाही. कारण टिचक्यांची नोंद कोठेही राहत नाही.

आलेख काढण्याची एक जुनी रीत अशी आहे, की जिच्यात हे सारे निर्णय शब्दांत लिहावे लागतात. 'ग्नूप्लॉट' ही संगणकीय आज्ञावली त्या रीतीची. ती सुरू केली की रंगीत चिन्हांची पट्टी दिसत नाही, की 'आलेखाचा प्रकार निवडा' असे विचारणारी चौकट उघडत नाही. पडद्यावर आज्ञेची वाट पाहणारी एक ओळ लुकलुकत राहते. तिच्यापुढे काय हवे ते टंकायचे आणि एंटर दाबायचे. पहिल्या भेटीत हे रूक्ष वाटते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, अभियांत्रिकी या क्षेत्रांतील असंख्य संशोधक मात्र या रूक्षपणाला इतके सरावले आहेत, की त्यांना दुसरे काही नको असते.

या आज्ञावलीचा जन्म १९८६ मधला. थॉमस विल्यम्स आणि कॉलिन केली हे अमेरिकेतील दोन विद्यार्थी. एक विकलक समीकरणे शिकत होता, दुसरा विद्युतचुंबकत्व. समीकरणे डोळ्यांसमोर दिसली तर समजायला सोपी जातील, एवढाच हेतू होता. दोघेही महाविद्यालयाच्या एका प्रयोगशाळेत संगणकांची देखभाल करीत, त्यामुळे चित्रे दाखवू शकणारे पडदे हाताशी होते. मुळात ही आज्ञावली गणिती फलनांसाठी होती; फाइलीतील आकडेवारी रेखाटण्याची सोय लोकांचा प्रतिसाद पाहून नंतर, काहीशी घाईने जोडली गेली. आज बहुतेक जण तिचा उपयोग नेमका त्याच कामासाठी करतात.

नावाची कथाही सांगण्याजोगी आहे. एकाला 'लामाप्लॉट' हवे होते, दुसऱ्याला 'एनप्लॉट'. तडजोड म्हणून 'न्यूप्लॉट' ठरले; पण त्या नावाची एक (त्यांच्या मते भिकार) आज्ञावली आधीच अस्तित्वात होती. आफ्रिकेतील ग्नू या प्राण्याच्या इंग्रजी नावातील पहिले अक्षर उच्चारले जात नाही, म्हणून ते 'न्यू'च्या जवळ ऐकू येते. त्या श्लेषावर निभावले. मुक्त आज्ञावलींच्या चळवळीतील प्रसिद्ध 'ग्नू' प्रकल्पाशी या नावाचा संबंध नाही. ती विनामूल्य मिळते आणि तिचा स्रोतही खुला आहे; मात्र त्यात बदल करून संपूर्ण सुधारित स्रोत वाटण्यास परवाना अनुमती देत नाही, बदल वेगळे ठिगळ म्हणून द्यावे लागतात.

आता प्रत्यक्ष काम पाहू. (ग्नूप्लॉटच्या आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांत टंकायच्या असतात, येथे त्यांचे उच्चार दिले आहेत.) 'प्लॉट साइन(एक्स)' एवढेच लिहून एंटर दाबले, की क्षणार्धात नागमोडी वक्र समोर येतो. आडव्या अक्षावर उणे १० ते अधिक १०, उभ्या अक्षावर उणे १ ते अधिक १. यांपैकी काहीही आपण सांगितले नव्हते. ज्या गोष्टी आपण सांगत नाही त्या ग्नूप्लॉट गृहीत धरते, आणि ही गृहीतके ठाऊक असणे हेच ती वापरण्यातले अर्धे शहाणपण आहे.

त्यांतले सर्वांत महत्त्वाचे गृहीतक बिंदूंच्या संख्येचे. संगणक वक्र काढीत नाही. तो ठरावीक ठिकाणी फलनाची किंमत काढतो आणि ते बिंदू सरळ रेषांनी जोडतो. ग्नूप्लॉट, वेगळे सांगितले नाही तर, असे १०० बिंदू घेते. साध्या साइन वक्राला ते भरपूर होतात. पण त्याच ठिकाणी 'प्लॉट साइन(३१*एक्स)' असे लिहून पाहावे. उणे १० ते १० या पल्ल्यात या फलनाची जवळजवळ ९९ आवर्तने होतात. पडदा चढउतारांनी गच्च भरून जायला हवा. प्रत्यक्षात दिसतो तो डावीकडून उजवीकडे संथपणे चढत जाणारा एकच सौम्य वक्र! कोणतीही सूचना नाही, चूक झाल्याचा संदेश नाही. नीटनेटका, देखणा आणि साफ खोटा आलेख.

असे का होते, हे थोड्या हिशेबाने कळते. वीस एककांचा पल्ला १०० बिंदूंनी ९९ भागांत वाटला, की दोन बिंदूंमधील अंतर सुमारे ०.२०२० येते. साइन(३१*एक्स) चे एक आवर्तन सुमारे ०.२०२७ एककांत पूर्ण होते. म्हणजे दर पावलाला आपण जवळपास एक पूर्ण आवर्तन ओलांडतो आणि पुढच्या आवर्तनात जवळपास त्याच जागी, किंचित मागे, पाऊल टाकतो. मधल्या चढउतारांचा पत्ताच लागत नाही. उरते ते केवळ हे किंचित मागे सरकणे, आणि ९९ पावलांत त्याची बेरीज आवर्तनाच्या एक-तृतीयांशाएवढी होते. चित्रपटात धावत्या घोडागाडीचे चाक कधी थबकलेले, कधी उलटे फिरताना दिसते, ते याच कारणाने. 'सेट सॅम्पल्स २०००' अशी आज्ञा देऊन पुन्हा आलेख काढला, की खरे रूप प्रकट होते. पल्लाही लहान केला, म्हणजे आज्ञेत चौकटी कंसांत '०:१' असे लिहिले, तर आवर्तने सुटी सुटी मोजता येतात.

याला ग्नूप्लॉटचा दोष म्हणता येणार नाही. बिंदू जोडून वक्र दाखवणारे प्रत्येक साधन याच मर्यादेत काम करते. फरक एवढाच, की येथे बिंदूंची संख्या ही लिहून बदलता येण्याजोगी गोष्ट आहे आणि ती किती होती हे दुसऱ्यालाही वाचता येते.

दुसरा सापळा भागाकाराचा. वर्गमूळाचा आलेख काढायचा म्हणून नवखा माणूस 'प्लॉट एक्स**(१/२)' असे लिहितो. (दोन तारका म्हणजे घात.) पडद्यावर येते एक आडवी सरळ रेषा, उंची १. कारण १ आणि २ हे पूर्णांक लिहिल्यामुळे ग्नूप्लॉट त्यांचा भागाकारही पूर्णांकातच करते. एकाला दोनाने भागले तर भाग शून्य, आणि कोणत्याही संख्येचा शून्यावा घात १. 'सी' या संगणकीय भाषेकडून आलेला हा वारसा आहे. १/२.० असे लिहिले की काम होते. येथे निदान आलेखच इतका विचित्र येतो की शंका यावी. भागाकार एखाद्या लांबलचक सूत्राच्या पोटात दडलेला असेल तर ती येत नाही.

फलनांकडून आकडेवारीकडे वळण्यापूर्वी एक प्रश्न स्वाभाविक आहे. सरासरी आणि सहसंबंध काढता येत असताना आलेखाची गरजच काय? त्याचे उत्तर इंग्रज संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँस्कोम यांनी १९७३ मध्ये दिले. त्यांनी प्रत्येकी ११ बिंदूंचे चार संच रचले. चारही संचांत एक्सची सरासरी ९, वायची सरासरी ७.५, सहसंबंध गुणांक सुमारे ०.८१६, आणि त्यांतून जाणारी सर्वोत्तम सरळ रेषाही एकच. कागदावरच्या आकड्यांवरून चारही संच सारखे. आलेख काढला की पहिला विस्कळीत पण साधारण सरळ, दुसरा स्पष्ट कमानीसारखा, तिसरा एक चुकार बिंदू सोडला तर तंतोतंत सरळ, आणि चौथ्यात दहा बिंदू एकावर एक उभे असून अकराव्या एकट्याच्या जोरावर सगळा सहसंबंध उभा! हे आकडे महाजालावर सहज मिळतात. ग्नूप्लॉटवर हात बसवण्यासाठी त्यांच्यासारखा धडा नाही.

खऱ्याखुऱ्या आकडेवारीसाठी हवाई बेटांवरील मौना लोआ येथील नोंदींचे उदाहरण घेऊ. स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेचे चार्ल्स कीलिंग यांनी तेथे मार्च १९५८ पासून हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण मोजायला सुरुवात केली. अमेरिकेची राष्ट्रीय सागर व वातावरण संस्था, म्हणजे 'नोआ', या मापनांची मासिक सरासरी साध्या मजकुराच्या फाइलीत प्रसिद्ध करते. प्रत्येक ओळीत एक महिना. पहिल्या स्तंभात वर्ष, दुसऱ्यात महिना, तिसऱ्यात दशांशात लिहिलेले वर्ष, चौथ्यात प्रमाण, हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे किती रेणू कार्बन डायऑक्साइडचे, असे. फाइलीच्या डोक्यावर खुलाशाच्या बऱ्याच ओळी असतात. त्यांच्या आरंभी 'हॅश'चे चिन्ह असते आणि अशा ओळी ग्नूप्लॉट आपणहून वगळते. त्यामुळे फाइलीला हातही न लावता 'प्लॉट', मग अवतरणचिन्हांत फाइलीचे नाव, मग 'युजिंग ३:४ विथ लाइन्स' एवढे लिहिले की पुरे. तिसरा स्तंभ आडव्या अक्षावर, चौथा उभ्या, बिंदू रेषेने जोडा, असा त्याचा अर्थ.

समोर येतो तो विज्ञानातील बहुधा सर्वांत प्रसिद्ध आलेखांपैकी एक. १९५८ मध्ये सुमारे ३१५ वर असलेली रेषा करवतीसारखे दाते पाडीत चढत जाते. मे २०१३ मध्ये दैनंदिन सरासरीने प्रथमच ४०० चा आकडा ओलांडला. २०२४ ची वार्षिक सरासरी ४२४ च्या पुढे होती. दाते हे ऋतूंचे आहेत. उत्तर गोलार्धातील वनस्पती उन्हाळ्यात वायू शोषतात, म्हणून मे महिन्यात शिखर आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तळ. दोहोंत सुमारे सहा एककांचा फरक.

येथे उभ्या अक्षाचा प्रश्न उपस्थित होतो. आपण काही सांगितलेले नसल्याने ग्नूप्लॉटने तो आकडेवारीपुरताच, साधारण ३१० पासून वर, धरलेला असतो. 'सेट वायरेंज' या आज्ञेने तो शून्यापासून सुरू केला की दाते जवळजवळ दिसेनासे होतात आणि चढ मंद भासतो. कोणता आलेख प्रामाणिक? अक्ष नेहमी शून्यापासूनच हवा असा एक सरधोपट नियम सांगितला जातो. स्तंभालेखाला तो लागू आहे, कारण तेथे डोळा स्तंभाची लांबी मोजतो. रेषेच्या आलेखात डोळा बदल पाहतो, आणि ज्या हवेत हा वायू कधीच शून्य नव्हता तिच्यासाठी शून्याचा आग्रह धरणे म्हणजे बदल लपवणे होय. मात्र अक्ष कोठून सुरू केला हे आज्ञेत लिहिलेले असावे, हे दोन्ही पक्षांना मान्य व्हावे.

नसलेल्या नोंदींचेही तसेच. १९६४ मध्ये निधीअभावी मौना लोआचे काम काही महिने थांबले होते. स्क्रिप्सच्या फाइलीत अशा महिन्यांपुढे उणे ९९.९९ हा आकडा लिहिलेला असतो. न पाहता आलेख काढला तर रेषा थेट पाताळात जाऊन परत येते. 'सेट डेटाफाइल मिसिंग' ही आज्ञा देऊन तो आकडा म्हणजे 'नोंद नाही' असे सांगावे लागते. २०२२ च्या नोव्हेंबरअखेर मौना लोआ ज्वालामुखीचा उद्रेक होऊन वेधशाळेचा रस्ता लाव्ह्याखाली गेला, तेव्हा काही महिने शेजारच्या मौना केआ पर्वतावर मोजणी झाली. हे आलेखात दिसत नाही. फाइलीच्या खुलाशात वाचावे लागते.

आकड्यांतून वक्र बसवण्याची सोय हे ग्नूप्लॉटचे मोठे बलस्थान. 'फिट' ही आज्ञा लेव्हेनबर्ग-मार्क्वार्ट पद्धतीने सूत्रातील स्थिरांक असे शोधते, की प्रत्यक्ष आकडे आणि सूत्र यांतील फरकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी व्हावी. कीलिंग यांच्या वक्राला आधी सरळ रेषा बसवून पाहावी. ती दिसायला बरी बसते. पण प्रत्येक आकड्यातून त्या रेषेची किंमत वजा करून उरलेल्या फरकांचाच आलेख काढला (ग्नूप्लॉटमध्ये ही वजाबाकी 'युजिंग'पुढेच लिहिता येते), तर दोन्ही टोके वर आणि मध्य खाली असा वाडग्याचा आकार उमटतो. याचा अर्थ, वाढ एकसारखी नाही, वाढीचा वेगच वाढतो आहे. १९६० च्या दशकात दर वर्षाची भर एका एककापेक्षाही कमी होती. २०१० च्या दशकात ती सरासरी २.४ च्या आसपास गेली. सूत्रात वर्गाचे पद आणि ऋतूंसाठी साइन व कोसाइनचे पद घातले की वाडगा जातो आणि दातेही बव्हंशी पुसले जातात. एक व्यावहारिक सूचना: सूत्रात वर्ष थेट न घालता त्यातून १९५८ वजा करून घालावे. एरवी वर्गाचे पद चाळीस लाखांच्या घरात जाते, स्थिरांक एकमेकांत अडकतात आणि येणाऱ्या उत्तरावर भरवसा ठेवणे कठीण होते. ग्नूप्लॉट उत्तरासोबत त्यातील संभाव्य त्रुटीही छापते. ती वाचल्याशिवाय उत्तर वापरू नये.

आपल्याकडचे उदाहरण शेअर बाजाराचे. मुंबई शेअर बाजाराच्या सेन्सेक्ससाठी १९७८-७९ हे वर्ष आधार धरून १०० हा आकडा ठरवला आहे. जुलै १९९० मध्ये तो १,००० वर गेला, फेब्रुवारी २००६ मध्ये १०,००० वर, जुलै २०२४ मध्ये ८०,००० वर. साध्या अक्षावर हा आलेख काढला, तर पहिली अकरा वर्षे जमिनीला चिकटलेली दिसतात. १०० ते १,००० ही वाटचाल एकूण उंचीच्या जेमतेम एक टक्का जागा घेते. शेवटची वर्षे मात्र कड्यासारखी उभी. आता 'सेट लॉगस्केल वाय' एवढी एकच आज्ञा द्यावी. या लघुगणकीय मापश्रेणीत समान पटींना समान उंची मिळते. दहापट म्हणजे एक पायरी, मग ती १०० पासूनची असो की १,००० पासूनची. चित्र उलटे होते. पहिली दहापट सुमारे ११ वर्षांत झाली, दुसरीला साडेपंधरा वर्षे लागली, आणि त्यानंतरच्या साडेअठरा वर्षांत वाढ आठपटच झाली. चक्रवाढीने वर्षाला साधारण २२ टक्के, मग १६, मग १२. पहिल्या आलेखात सुसाट वाटणारी वर्षे दुसऱ्यात सर्वांत संथ ठरतात. गुंतवणुकीच्या जाहिरातीत कोणता आलेख छापला जातो, हे वाचकांना सांगायला नको.

या सगळ्या आज्ञा एका साध्या फाइलीत ओळीखाली ओळ लिहून ठेवता येतात. पुढच्या महिन्यात नोआने नवे आकडे दिले, की तीच फाइल पुन्हा चालवायची; आलेख क्षणात अद्ययावत. अक्ष, बिंदू, गाळलेल्या नोंदी, बसवलेले सूत्र, सारे त्यात लिहिलेले असते. शोधनिबंधासोबत ती फाइल आणि मूळ आकडे दिले, तर जगाच्या दुसऱ्या टोकाचा माणूस आलेख स्वतः काढून पाहू शकतो, पटला नाही तर अक्ष बदलून पाहू शकतो. चित्र कोणत्या स्वरूपात हवे, हेही आज्ञेनेच सांगायचे: पडद्यावर, छपाईसाठी पीडीएफमध्ये, संकेतस्थळासाठी एसव्हीजीमध्ये. 'डम्ब', म्हणजे मुका, नावाचा एक प्रकार तर आलेख निव्वळ टंकाच्या तारका आणि रेघांनी काढतो. दूरच्या संगणकावर चित्र दाखवण्याची सोय नसेल, तेव्हा तो फार उपयोगी पडतो.

ग्नूप्लॉटला प्रतिस्पर्धी नाहीत असे नाही. २००३ च्या सुमारास जॉन हंटर यांनी पायथन भाषेसाठी 'मॅटप्लॉटलिब' आणली, आणि आज विद्यार्थी बहुधा तिच्यापासून सुरुवात करतात. आलेखापूर्वी आकडेवारी खूप चाळायची, जुळवायची असेल तर पायथन किंवा 'आर' या भाषाच सोयीच्या. ग्नूप्लॉटची ती प्रकृती नव्हे. तिची नियमावली जाडजूड आहे आणि काही आज्ञांची रचना चार दशकांच्या भरीमुळे ओबडधोबड झाली आहे. पण ती डोळ्याचे पाते लवते न लवते तोच सुरू होते, जुन्या संगणकावरही अडत नाही, आणि 'ऑक्टेव्ह' व 'मॅक्सिमा' या गणिती आज्ञावली आलेखांसाठी तिचे साह्य घेऊ शकतात. डिसेंबर २०२३ मध्ये तिची सहावी आवृत्ती आली. लिनक्स, विंडोज, मॅकिंटॉश या तिन्हींवर ती चालते.

मराठीत आलेख काढणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. 'सेट एन्कोडिंग यूटीएफ८' ही आज्ञा आणि 'पीएनजीकैरो' किंवा 'पीडीएफकैरो' हा चित्रप्रकार निवडून देवनागरी टंकाचे नाव दिले, की शीर्षक आणि अक्षांची नावे वेलांट्या-जोडाक्षरांसह नीट उमटतात. अक्षांवरचे आकडे मात्र आपणहून देवनागरी होत नाहीत. ते हवे असतील तर 'सेट एक्सटिक्स' या आज्ञेपुढे कंसात १९६०, १९८०, २००० ही लेबले देवनागरीत आणि त्यांच्यापुढे त्यांच्या किमती इंग्रजी अंकांत, अशा जोड्या एकेक करून हाताने लिहाव्या लागतात.